‘मी गेली’ की ‘मी गेले’? इंदूरच्या मराठीत क्रियापदाचा मेळ कसा जमवावा

इंदूरच्या मराठी घरात दाराच्या आत मराठी असते आणि उंबरा ओलांडला की हिंदी. शाळा, दुकान, रिक्षा, ऑफिस सगळे हिंदीत. अशा ठिकाणी मराठी शब्द फारसे बिघडत नाहीत. पोळी पोळीच राहते, वरण वरणच राहते. बिघडते ते वाक्याच्या शेवटचे क्रियापद. ‘दुकान बंद झाली’, ‘त्याने बोलला’, ‘मुले आले’, ‘मी चहा पिली’. अर्थ कळतो, म्हणून कोणी टोकत नाही, आणि घरातल्या मुलांच्या कानाला तेच बरोबर वाटू लागते. चूक मात्र ठरावीक जागीच होते, आणि त्या जागा मोजक्या आहेत. एकेक जागा ओळखीची झाली की भाषा सुधारायला फार दिवस लागत नाहीत.

शाळेत इंग्रजी शिकताना ‘क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते’ हा नियम पाठ होतो. मराठीत तो अर्धाच खरा आहे. मराठी क्रियापद आधी बघते की कर्ता मोकळा आहे की त्याला ‘ने’, ‘नी’, ‘ला’ असा काही प्रत्यय लागला आहे. कर्ता मोकळा असेल तर क्रियापद त्याच्यामागे जाते. कर्त्याला प्रत्यय लागला आणि कर्म मोकळे असेल तर ते कर्मामागे जाते. दोघांनाही प्रत्यय असेल, किंवा कर्त्याला प्रत्यय आहे आणि कर्मच नाही, तर क्रियापद कोणामागेच जात नाही, ते नपुसकलिंगी एकवचनात थांबते. व्याकरणात यांनाच कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. नावे विसरली तरी चालेल, ‘मोकळा कोण?’ हा प्रश्न विसरू नये.

मुलगी पत्र लिहिते. (मुलगी मोकळी, म्हणून ‘लिहिते’.)
मुलीने पत्र लिहिले. (पत्र मोकळे, ते पत्र, म्हणून ‘लिहिले’.)
मुलीने भावाला उठवले. (कोणीच मोकळे नाही, म्हणून ‘उठवले’.)

कर्मणी प्रयोगाची ताकद बघायची तर इंदूरकरांना सहज सुचेल असे उदाहरण घ्या. अहिल्याबाईंनी घाट बांधले. अहिल्याबाईंनी देवळे बांधली. अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या. अहिल्याबाईंनी महेश्वरला वाडा बांधला. कर्ता एकच, धातू एकच, पण क्रियापदाची रूपे चार. घाट पुल्लिंगी अनेकवचनी, देवळे नपुसकलिंगी अनेकवचनी, धर्मशाळा स्त्रीलिंगी अनेकवचनी, वाडा पुल्लिंगी एकवचनी. अहिल्याबाई स्त्री आहेत की पुरुष याच्याशी ‘बांधणे’ला इथे काही देणेघेणे नाही.

आता वाक्य हातात घेऊन पायरी-पायरीने जाऊ.

पहिली पायरी: काळ बघा

भविष्यकाळ सर्वांत सोपा. हिंदीत ‘जाएगा-जाएगी’ असा लिंगभेद आहे, मराठीत नाही. तो जाईल, ती जाईल, ते जाईल. इथे कोणी फारसे चुकत नाही.

वर्तमानकाळात कर्ता जवळजवळ नेहमी मोकळा असतो. तो जातो, ती जाते, बाळ जाते. अनेकवचनात तिन्ही लिंगांना ‘जातात’. बाईने स्वतःबद्दल बोलताना ‘मी जाते’, ‘मी करते’. हिंदीतल्या ‘जाती हूँ’मुळे ‘मी जाती’, ‘ती करती’ असे तोंडात येते, ते टाळायचे. ‘ती जात आहे’ यातला ‘जात’ कधीच बदलत नाही. ‘जा रही है’ची सवय असलेला माणूस तिथे ‘जाती आहे’ म्हणतो.

खरी परीक्षा भूतकाळात आहे, म्हणून पुढचा बहुतेक मजकूर भूतकाळाचाच आहे.

दुसरी पायरी: क्रिया सकर्मक आहे का?

जाणे, येणे, बसणे, पडणे, हसणे, झोपणे यांना कर्म नाही. यांचा भूतकाळ कर्त्याप्रमाणे होतो. रूपे एकदा नीट बघून ठेवा, कारण पुढे कर्मासाठीही हीच लागतात: तो गेला, ती गेली, ते (बाळ) गेले, ते (मुलगे) गेले, त्या (मुली) गेल्या, ती (मुले) गेली. स्वतःबद्दल पुरुष ‘मी गेलो’ आणि बाई ‘मी गेले’ म्हणते, दोघांचे ‘आम्ही गेलो’. ‘मी गेली’ वऱ्हाडाच्या बोलीत रुळलेले आहे आणि तिथे ते शोभते. इकडे इंदूरच्या बाजूला, माळव्यात, ते बहुधा ‘मैं गई’वरून येते, आणि लेखी मराठीत ‘मी गेले’च लिहावे.

या यादीत सर्वांत जास्त दुखापत होते ती ‘ती (मुले) गेली’ या रूपाची. ‘मुले आले’, ‘पुस्तके पडले’, ‘माणसे जमले’ हे छापील मजकुरातही दिसते. नपुसकलिंगाचे अनेकवचन ‘ली’वर संपते: मुले आली, पुस्तके पडली, माणसे जमली, घरे बांधली. हिंदीत नपुसकलिंगच नाही, त्यामुळे तिकडून मदत मिळत नाही.

सकर्मक क्रिया असेल तर तिसऱ्या पुरुषाच्या कर्त्याला भूतकाळात ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माकडे वळते. दादाने वही आणली. काकूंनी लाडू केले. इथे हिंदी आणि मराठी वरवर सारख्या दिसतात, आणि म्हणूनच फसगत होते. हिंदीत ज्या क्रियांना ‘ने’ लागतो त्या सगळ्यांना मराठीत लागत नाही, आणि उलटही.

आणणे घ्या. हिंदीत ‘वह किताब लाया’, ने नाही. मराठीत ‘त्याने पुस्तक आणले’. ‘तो पुस्तक आणला’ चूक. याउलट शिकणे, पिणे, नेसणे. हिंदीत ‘उसने सीखा’, ‘उसने पिया’, ‘उसने साड़ी पहनी’. मराठीत ‘तो शिकला’, ‘ती पाणी प्यायली’, ‘ती साडी नेसली’. पण लगेच ‘तिने ड्रेस घातला’, कारण घालणे या गटातले नाही.

कर्म असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालणाऱ्या रोजच्या क्रिया एवढ्या लक्षात ठेवा: बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे, भेटणे, नेसणे, खेळणे, आणि जाणून घेण्याच्या अर्थाने समजणे. मी मराठी शिकलो (पुरुष), मी मराठी शिकले (बाई). पुरुषाने ‘मी मराठी शिकली’ म्हणू नये, इथे मराठी हे कर्म क्रियापदाला ओढत नाही. मी किल्ली विसरलो. ती खूप बोलली. आम्ही क्रिकेट खेळलो. ‘जिंकणे’ला दोन्ही वाटा खुल्या आहेत: आमचा संघ सामना जिंकला, आमच्या संघाने सामना जिंकला. पिण्याच्या बाबतीत ‘तिने चहा प्यायला’ असे अलीकडे बरेच ऐकू येते. लिहिताना ‘ती चहा प्यायली’ ठेवलेले बरे.

‘बोलणे’ आणि ‘म्हणणे’ यांवर जरा थांबायला हवे, कारण इंदूरच्या मराठीतली सर्वांत ऐकू येणारी चूक इथली आहे. इथल्या हिंदीत ‘उसने बोला’ सर्रास चालते, त्यावरून ‘त्याने बोलला’, ‘आईने बोलली’. मराठीत ‘तो बोलला’, ‘आई बोलली’. म्हणणेला मात्र दोन रूपे आहेत आणि त्यांची सरमिसळ करायची नाही. ‘म्हणाला-म्हणाली’ आले की कर्ता मोकळा: आई म्हणाली. ‘म्हटले’ आले की कर्त्याला ने: आईने म्हटले. गाणे, आरती, श्लोक असे कर्म असेल तर ‘म्हटले’चीच वाट धरावी लागते: तिने गाणे म्हटले, आजीने आरती म्हटली, मुलांनी आरत्या म्हटल्या. ‘आईने म्हणाली’ हे दोन्हींचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून झालेले वाक्य आहे.

तिसरी पायरी: मी, तू, आम्ही, तुम्ही यांच्या दिसण्यावर जाऊ नका

हे चार शब्द भूतकाळात मोकळे दिसतात, पण मोकळे नसतात. हिंदीत ‘मैंने’ मध्ये ‘ने’ दिसतो. मराठीत तो दिसत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां केले’, ‘त्वां दिले’ अशी वेगळी रूपे होती, आज ती ‘मी’, ‘तू’मध्येच सामावली आहेत. त्यामुळे ‘मी’ बघून माणूस क्रियापद आपल्याप्रमाणे वळवतो आणि ‘आम्ही कीस खाल्लो’, ‘मी पोळ्या केलो’ असे वाक्य तयार होते.

उपाय सोपा आहे. ‘मी’ काढा आणि त्या जागी तिसरा माणूस ठेवा. ‘तो पोळी खाल्ला’ की ‘त्याने पोळी खाल्ली’? दुसरे बरोबर. म्हणजे ‘मी’सुद्धा इथे ‘ने’वालाच आहे. मग मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी पोहे खाल्ले, मी पोळ्या खाल्ल्या. बोलणारा पुरुष असो की बाई. याउलट ‘त्याने विसरला’ कानाला खटकते, ‘तो विसरला’ बरोबर, म्हणून ‘मी विसरलो’ किंवा ‘मी विसरले’. शंका आली की प्रत्येक वेळी हीच अदलाबदल करून बघा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ आले की आणखी एक छोटी भर पडते. क्रियापद कर्माप्रमाणे वळते, आणि वर शेवटी तूसाठी ‘स’, तुम्हीसाठी ‘त’ लागतो. तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तू पोहे खाल्लेस, तू पोळ्या खाल्ल्यास. तुम्ही पोळी खाल्लीत, तुम्ही पोळ्या केल्यात. हिंदीत याला जोड नाही, म्हणून इकडे तो ‘स’ गळून ‘तू पोळी खाल्ली?’ एवढेच उरते. तो जपावा. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघांची खूण ठेवणारी ही मराठीची देखणी सोय आहे.

चौथी पायरी: कर्माला ‘ला’ लागला आहे का?

मी मुलगी पाहिली. मी मुलीला पाहिले. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या वाक्यावरून ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर कांदेपोह्यांचा कार्यक्रम उभा राहतो, दुसऱ्यात ती नुसती नजरेस पडली आहे. व्याकरणाने सांगायचे तर पहिल्यात मुलगी मोकळी आहे, म्हणून ‘पाहिली’. दुसऱ्यात ‘मुलीला’ झाल्याबरोबर तिची क्रियापदावरची पकड सुटली आणि ‘पाहिले’ उरले. आईने मुलांना जेवायला वाढले, पोलिसांनी चोरांना पकडले, आम्ही बहिणींना बोलावले. माणसे कितीही असोत, ‘ले’च.

बडोद्याच्या मराठी घरांतली अडचण इथे वेगळी आहे. गुजरातीत प्रत्यय लागलेल्या कर्मालाही भूतकाळी क्रियापद जुळवून घेते, त्यामुळे तिकडे ‘मी तिला बघितली’ असे तोंडात येऊ शकते. प्रमाण मराठीत ‘मी तिला बघितले’.

पाचवी पायरी: मोकळ्या शब्दाचे लिंग

प्रयोग बरोबर ओळखूनही वाक्य चुकते ते इथे. हिंदी आणि मराठीत शब्द सारखा, लिंग वेगळे. दुकान हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुसकलिंगी: दुकान उघडले, ‘छप्पन दुकान’ या इंदूरच्या खाऊगल्लीतली सगळी दुकाने उघडली. चाय स्त्रीलिंगी, चहा पुल्लिंगी: चहा झाला, चहा सांडला. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी: आवाज आला. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुसकलिंगी. नाकाचेही तसेच: नाक चोंदले. विजय, आत्मा, देह, ऋतू हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. ‘व्यक्ती’ उलट्या दिशेने जातो. हिंदीत पुरुषाबद्दल ‘एक व्यक्ति आया’, मराठीत दाढीमिशावाला आला तरी ‘एक व्यक्ती आली’.

पाणी, दूध, दही, घर, काम, सामान, पत्र हे हिंदीत पुल्लिंगी आहेत, मराठीत नपुसकलिंगी. इंग्रजीतून आलेले कॉलेज, स्टेशन, ऑफिस, हॉटेल, बिल हेही मराठीत नपुसकलिंगी झाले आहेत, म्हणून ‘कॉलेज सुटले’, ‘स्टेशन आले’, ‘बिल भरले’. आणि इंदूरची सकाळ ज्याशिवाय होत नाही ते पोहे मराठीत कायम अनेकवचनी: पोहे झाले, पोहे छान लागतात. ‘पोहा खाल्ला’ हिंदीतून आलेला आहे.

लिंग आठवत नसेल तर शब्दाचे अनेकवचन करून बघा. व्यंजनाने संपल्यासारखा ऐकू येणारा शब्द अनेकवचनात ‘ए’ घेत असेल (दुकाने, घरे, झाडे) तर नपुसकलिंगी, तसाच राहत असेल (घाट, आवाज) तर पुल्लिंगी, ‘ई’ किंवा ‘आ’ घेत असेल (भिंती, विटा) तर स्त्रीलिंगी. दुसरी कसोटी कानाची. लिहिताना ‘झाड पडले’ आणि ‘आंबे पडले’ सारखेच दिसतात. बोलताना पहिल्याचे ‘पडलं’ होते, दुसऱ्याचे होत नाही. जिथे ‘लं’ सहज येते तिथे नपुसकलिंगी एकवचन आहे हे पक्के.

जोडून आलेली क्रियापदे

दोन क्रियापदे एकत्र आली तर कर्त्याला ‘ने’ लागणार की नाही हे शेवटचे ठरवते. तो पुस्तक घेऊन आला, पण त्याने पुस्तक आणून दिले. ती पोळ्या करू लागली, पण तिने पोळ्या करून ठेवल्या. आहे-होता जोडला की मात्र दोन्ही भाग वळतात. हिंदीत ‘रोटियाँ बनाई थीं’ म्हणताना पहिला भाग एकवचनासारखाच दिसतो. मराठीत ‘पोळ्या केल्या होत्या’, ‘पोळ्या केल्या आहेत’. ‘पोळ्या केली होती’ किंवा ‘केली होत्या’ नाही.

नाम आणि ‘करणे’ अशी जोडी असेल तर नामाला मान द्या: तिला मदत केली, बाबांना फोन केला, अभ्यास केला, काम सुरू केले.

मला, तुला, आजीला

आवडणे, हवे, पाहिजे यांच्या वाक्यांत माणसाला ‘ला’ लागतो आणि वस्तू मोकळी राहते. मला पोहे आवडतात (‘आवडते’ नाही). मला ती गाणी आवडली. हिंदीतला ‘चाहिए’ लिंगाप्रमाणे वळत नाही, मराठीतला ‘हवा’ सगळीकडे वळतो: चहा हवा, साखर हवी, पाणी हवे, पोहे हवेत, पोळ्या हव्यात, पुस्तके हवीत. ‘पाहिजे’ला फक्त अनेकवचनात ‘त’ लागतो. स्वयंपाकघरातली कामे मोजून याचा उत्तम सराव होतो: भाजी चिरायची आहे, भात लावायचा आहे, कणीक मळायची आहे, कपडे धुवायचे आहेत, पोळ्या लाटायच्या आहेत, भांडी घासायची आहेत.

‘करावे’ची रूपेही कर्माप्रमाणेच: मुलांनी अभ्यास करावा, कविता पाठ कराव्यात, पुस्तके वाचावीत. भूतकाळात कर्त्यामागे जाणारा ‘पिणे’ही इथे ‘ने’ घेतो: मुलांनी दूध प्यावे.

दोन कर्ते, आणि मानाचे अनेकवचन

‘मी’ असलेली जोडी ‘आम्ही’ समजावी: मी आणि ताई गेलो. ‘तू’ आणि तिसरा माणूस म्हणजे ‘तुम्ही’: तू आणि दादा गेलात. वस्तू असतील तर सहसा क्रियापद जवळच्या, म्हणजे शेवटच्या नामाप्रमाणे: भात आणि पोळी खाल्ली, पोळी आणि भात खाल्ला.

मानासाठी अनेकवचन लावले की पूर्ण वाक्यभर लावायचे. ‘तिची सासूबाई आल्या’ हे अर्धवट झाले, ‘तिच्या सासूबाई आल्या’. बाबा आले, काका आले, काकू आल्या, बाई आल्या. आई, आजी, मावशी यांना पुष्कळ घरांत ‘तू’ म्हणतात. तिथे ‘आजी आली’ म्हणण्यात अनादर नाही, उलट जवळीक आहे.

एक निरोप सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन आलेल्या एका मुलीने घरच्या ग्रुपवर असे लिहिले:

‘काल मी आणि दादा सराफ्यात गेले. दुकान उशिरा उघडली होती. दादाने बोलला आधी भुट्ट्याचा कीस खाऊ. आम्ही कीस खाल्लो, जिलब्या खाल्ली. घरी आलो तेव्हा मुले झोपले होते. मग मी चहा पिली आणि आईला फोन केली.’

‘मी आणि दादा’ म्हणजे आम्ही, म्हणून गेलो. दुकान मराठीत ‘ते’, म्हणून उघडले होते. दोन्ही भाग वळले. बोलणेला ने नको, ‘दादा म्हणाला’ किंवा ‘दादा बोलला’. ‘आम्ही’च्या जागी ‘त्याने’ ठेवा: त्याने कीस खाल्ला, म्हणून आम्हीही कीस खाल्ला, जिलब्या ‘त्या’, म्हणून खाल्ल्या. मुले ‘ती’, झोपली होती. पिणे कर्त्यामागे जाते आणि लिहिणारी मुलगी आहे, म्हणून प्यायले. शेवटच्या वाक्यात आईला प्रत्यय आहे, फोन मोकळा आहे आणि तो ‘तो’ आहे, म्हणून केला.

‘काल मी आणि दादा सराफ्यात गेलो. दुकान उशिरा उघडले होते. दादा म्हणाला, आधी भुट्ट्याचा कीस खाऊ. आम्ही कीस खाल्ला, जिलब्या खाल्ल्या. घरी आलो तेव्हा मुले झोपली होती. मग मी चहा प्यायले आणि आईला फोन केला.’

लहान मुलांशी बोलताना असे चिरफाड करून सांगू नये, त्याने मूल मराठीत बोलायचेच थांबवते आणि हिंदीवर जाते. ते ‘आजी, दुकान बंद झाली’ म्हणाले तर वाक्य मध्येच तोडू नका. ‘दुकान बंद झालं? कधी झालं रे? मग दुसरं दुकान उघडं होतं का?’ असे विचारा. एका दमात त्याच्या कानावर तीन वेळा बरोबर रूप गेले, आणि उत्तर देताना तेच त्याच्या तोंडात येते.